ढालवाला आणि हिरवी साडी

माझ्या भावाची पक्की समजूत आहे की जगात मार म्हणून जी काही गोष्ट आहे ती माझ्यासाठीच तयार झालेली आहे. त्याची ही समजूत मीच करून दिली, म्हणून त्याच्या आधी दोन शिव्या स्वतःला घालते आणि मग सांगायला लागते.

आम्ही फोनवर एक खेळ खेळतो. इकडचे पाच, तिकडचे पाच. मधे तीन वाटा, वाटांवर बुरूज, दोन्ही टोकांना एकेक गड. समोरच्याचा गड आधी पाडेल तो जिंकला. एक मॅच वीसेक मिनिटं चालते. प्रत्येकानं आपापला गडी निवडायचा. कुणी लांबून बाण मारणारा, कुणी जादू करणारी, कुणी जखमा भरणारा. आणि एक असतो ढालवाला. खेळणारी पोरं त्याला टँक म्हणतात. अंगावर पोलाद, हातात कुऱ्हाड, चाल म्हशीची. त्याचं काम एकच, सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि मार खायचा. तो मार खात असतो तेवढ्यात मागच्यांनी समोरच्यांना लोळवायचं. मेला तर थोड्या वेळानं पुन्हा जिवंत होतो आणि पुन्हा जाऊन तिथेच उभा राहतो.

तो ढालवाला मी. वय चौतीस, मुक्काम वडगाव, बेळगाव. घरात दोन यंत्रमाग, वडील, म्हणजे आप्पा, गेल्यापासून ते मीच चालवते. लग्नाचं कुणी विचारू नये.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या टोळीतला पाचवा गडी नोकरीसाठी पुण्याला गेला. ढालवाला तोच व्हायचा. उरलेल्या चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं, कारण ढालवाला व्हायला कुणालाच नको असतं. मॅच संपली की पडद्यावर कुणी किती मारले त्याची यादी येते. कुणी किती खाल्ले ते बघतंय कोण? तर माझा धाकटा भाऊ फोन घेऊन मागापाशी आला.

"आक्का, तू फकस्त पुढं हुबी ऱ्हा. बाकी आमी बघतो."

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. आप्पा गेले तेव्हाही म्हणाला होता, "आक्का, तू माग बघ, बाकी मी बघतो." त्या बाकीमध्ये आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, छपराचे पत्रे आले, त्याचं स्वतःचं लग्न आलं, आणि ते सगळं कुणी बघितलं हे वडगावात कुणालाही विचारा. तरी मी खेळायला बसले. का बसले? दिवसभर मागाच्या खडखडाटात उभी असते, घरात कुणाशी शब्द बोलायचा तर ओठांवरून ओळखायचं. पोरांनी आपणहून बोलावलं याचा मला आनंद झाला होता. झाला होता तर झाला होता, त्यात लाजायचं काय.

आता आमची पलटण बघा. भाऊ बाण मारतो. म्हणजे सगळ्यांत मागे उभा राहून उंटावरून शेळ्या हाकतो. आणि एकदा का समोरून कुणी त्याच्याकडे वळला की असा पळतो की आमच्या गडात जाऊनच थांबतो. दुसरा कडोलीचा मामेभाऊ. सकाळी शेत, दुपारी शहरात नोकरी. त्याच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, त्याचा परिणाम असेल, पण हा खेळात मेसेज लिहायला बसला की भाषणच लिहितो. "माझ्या मते आपण आता डाव्या वाटेने जाणे योग्य ठरेल" हे लिहून होईपर्यंत डावी वाट, उजवी वाट आणि मी, तिन्ही संपलेलं असतं. तिसरा पिरनवाडीचा, भावाच्या कारखान्यातला. त्याच्याकडे जखमा भरायचं काम. तो फक्त स्वतःच्या भरतो. चौथा निपाणीचा. त्याच्या फोनला अजून कळलेलं नाही की आपण कर्नाटकात आहोत की महाराष्ट्रात. ऐन लढाईत त्याचं नेटवर्क राज्य बदलतं, आणि त्याचा गडी झाडाला तोंड लावून उभा राहतो.

आणि एवढं असून मॅच हरलो की चौघांच्या तोंडात एकच वाक्य.

"आक्का, तू कुठं होतीस गं?"

मी कुठं होते? मी पुढे होते! तुम्ही कुठं होता? एकदा तर पाच जण माझ्या एकटीवर तुटून पडले. मी मोजून पाच जणांचा मार खातेय, मागे वळून बघते तर एक पळालाय, एक भाषण लिहितोय, एक स्वतःला मलम लावतोय आणि एक झाडापाशी. त्या दिवशी मी फोन ज्वारीच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी लाईट गेली आणि भाऊ डबा उघडून फोन घेऊन आला.

लाईटीचं सांगायचं राहिलं. लाईट असताना मी खेळत नाही, माग चालू असतो. लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात, वडगाव गपगार होतं आणि विणकराला पाय पसरून बसायला वेळ मिळतो. कुणी पत्ते काढतं, कुणी भिंतीला टेकून डोळे मिटतं. आम्ही खेळतो. त्याच भागात भावाचा कारखाना, तो बंद पडला की तो आणि पिरनवाडीचाही मोकळे. मग पेपरात लाईट जाणार अशी बातमी आली की माझा भाऊ ती अशी वाचून दाखवतो जशी काही भाच्याची मुंज ठरली आहे.

लाईट जाण्याचा एक नियम आहे, तो आमच्याकडे पोरांना अक्षर यायच्या आधी येतो. लाईट गेली की जो मागावर असेल त्यानं आधी बटण बंद करायचं. मग पाणी प्यायचं, मग काय ते बोलायचं. नवीन मागांना आपोआप बंद व्हायची सोय असते. आमचे आप्पांच्या काळातले, त्यांना साधं बटण. लाईट जाते तेव्हा आडवा धागा घेऊन धावणारा धोटा कुठेतरी मधेच थांबलेला असतो. लाईट आली आणि बटण चालूच असलं, तर माग आपला आपण सुरू होतो, धोट्याला पुरता जोर मिळत नाही, तो ताण्याच्या उभ्या धाग्यांत अडकतो आणि विणलेला धागा ठोकणारी फणी येऊन त्याच्यावरच आदळते. धागे फटाफट तुटतात. आप्पा म्हणायचे, बटण विसरलेला विणकर आणि दार उघडं टाकून जत्रेला गेलेला माणूस, दोघांनी रडायचं न्हाय.

त्या दिवसांत थोरल्या मागावर एक हिरवी साडी होती. लाल काठाची. ती विकायची नव्हती. भावजयीला सातवा लागत होता आणि शुक्रवारी ओटी भरायची होती. आमच्या घरची रीत अशी की डोहाळजेवणाची साडी घरच्या मागावरची हवी, आणि तिच्यात एकसुद्धा खोट नको. कापून जोडलेली नको, गाठ नको, सुटलेला धागा नको. माझ्या वेळी आईला अशीच आजीनं विणली होती, भावाच्या वेळीही. बाजारात हजार साड्या मिळतात, पण आईला ते सांगायची कुणाची छाती नाही.

आणि या वेळी तर नाहीच नाही. भावजयीचं पहिलं चौथ्या महिन्यात गेलं होतं. खानापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बडबडी, हसरी, आल्या दिवसापासून मला आक्का म्हणून हाका मारणारी. ती त्यानंतर वर्षभर मुकी झाली होती. हे दुसरं राहिल्यावर ती बोलायला लागली, पण आवाज खाली ठेवून, कुणी ऐकेल की काय अशा भीतीनं. साडी मागावर चढल्यापासून ती रोज संध्याकाळी येऊन बघायची, किती झाली, आणि विणलेल्या कापडावर हळूच तळहात ठेवायची. काही म्हणायची नाही. मला तिच्याकडे बघवायचं नाही. मी उगाच धाग्याच्या कांड्या शोधायला वाकायची.

ताणा बरोबर एका साडीपुरता होता. चुकायला जागा नव्हती.

मंगळवारी पेपरात आलं, दहा ते चार लाईट नाही. आई भावजयीला घेऊन डॉक्टरकडे गेली. साडीचा पदर उतरला होता, पुढे दोनेक हात अंग विणून झालं होतं. दहाला पाच-सात मिनिटं कमी असतानाच लाईट गेली. लाईटवाल्यांची वेळ पेपरात एक आणि खांबावर एक. माग थांबला, आणि त्याच क्षणाला बाहेरच्या सोप्यातून, कारखाना बंद म्हणून घरीच राहिलेल्या भावाची हाक आली.

"आक्का! ये बिगीनं! चौघंबी खेळात आलोय. आज शेवटचा दिवस हाय!"

खेळात दर काही महिन्यांनी सगळ्यांच्या पायऱ्या नव्यानं लागतात. आमची पायरी वर चढायला एक मॅच जिंकायची राहिली होती आणि मुदत त्या दिवशी संपत होती. मी उठले, पदराला हात पुसले आणि गेले. बटणाकडे माझा हात गेला नाही. चोवीस वर्षं मागावर काढलेली बाई मी, आणि माझा हात गेला नाही.

पहिल्या दोन मॅच हरलो. त्यांची वर्णनं करत नाही, माझं डोकं पुन्हा फिरेल. मधे एकदा भावानं लाईटीच्या माणसाला फोन लावला, खरंच चारपर्यंत येत नाही ना याची खात्री करायला. तो "बर्तदरी, बर्तदरी" म्हणाला, म्हणजे येईल हो, येईल. त्यांचं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे, त्यामुळे आम्ही ते ऐकलं नाही.

तिसरी मॅच मात्र अशी झाली की मला स्वतःलाच खरं वाटेना. निपाणीचं नेटवर्क जागेवर होतं. कडोलीकर एक अक्षर लिहीत नव्हता. पिरनवाडीवाल्यानं चक्क दोनदा मला मलम लावलं. आम्ही सरकत सरकत त्यांच्या गडापर्यंत गेलो. मी सगळ्यांत पुढे, बुरुजाचा मारा माझ्यावर, त्यांचे तिघे माझ्यावर, आणि माझा भाऊ माझ्या मागे उभा राहून, न पळता, गडावर बाण मारतोय. मी अजून थोडा वेळ टिकले तर गड पडणार होता.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

लाईट आली की गल्लीत माग एकदम सुरू होत नाहीत. सगळ्यांनी बटणं बंद केलेली असतात. कुणी पत्ते आवरतं, कुणी चूळ भरतं, मग एक माग, दुसरा माग. त्या शांततेत एकच माग सुरू झाला आणि तो आमचा होता.

मला पहिल्याच ठोक्याला कळलं. भावालाही कळलं, तोही याच घरात वाढलाय. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"आक्का, हलू नगंस! पडालाय गड! हलू नगंस!"

आणि मी हलले नाही. पाच सेकंद असतील, फार तर सहा. अंगठा दाबून मी त्या पोलादाच्या माणसाला मार खात उभा ठेवला आणि आतल्या खोलीत धोटा अडकला, फणी आदळली, आणि धागे तुटायचा तो आवाज आला. खेळातला गड पडला. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. बाकी तिघांचा जल्लोष फोनमधून ऐकू येत होता आणि मी फोन टाकून आत धावले होते.

बटण बंद केलं. बघितलं. पदरापासून दोन हातांवर, वीतभर रुंदीत धागे तुटून लोंबत होते, आणि मधे धोटा आडवा पडला होता. दोनशेच्या आत नव्हते.

भाऊ येऊन माझ्या मागे उभा राहिला. मागेच. सवय.

"आता गं?" तो म्हणाला.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पायरी चढायची होती ना, घे चढ, म्हटलं. तुझ्याच लेकराची साडी होती, म्हटलं. हे शेवटचं बोलायला नको होतं. त्याचं तोंड पांढरं पडलं. आणि खरं तर शिव्या मला घालायला हव्या होत्या. मागावर मी होते. बटण माझं होतं. ते पाच सेकंदही माझेच. सगळ्या जन्माचा मार पुढे होऊन खाल्ला म्हणून मिरवणारी मी, जो एक अडवायला हवा होता तो मी साडीवर जाऊ दिला.

बाहेर रिक्षा थांबली. आई आत आली, तिच्या मागे भावजय, हातात रिपोर्टची पिशवी. सगळं चांगलं असल्याचं सांगायला ती तोंड उघडतच होती. आईनं चपला काढता काढता मागाकडे बघितलं आणि एक चप्पल पायातच राहिली.

मी तोंड उघडलं. हे माझंच काम आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. पण मला कुणीतरी दंडाला धरून बाजूला केलं आणि माझा भाऊ, जो खेळात कुणी नुसतं वळून बघितलं तरी पळतो तो, माझ्या पुढे जाऊन उभा राहिला.

"आई, माझी चूक हाय. आक्काला मीच उठवलं. बटण मी बंद करतो म्हटलो आणि इसरलो."

यातला शेवटचा भाग धादांत खोटा होता. आईनं तो ऐकला आणि सुरू झाली. माझ्या आईचा आवाज चार माग चालू असतानाही चौकापर्यंत जातो, आणि आता तर सगळी गल्ली शांत होती. तिनं त्याचं बालपण काढलं, नापास झालेलं वर्ष काढलं, फोन काढला, त्याच्या कारखान्यालाही सोडलं नाही. शेजारचे माग सुरू व्हायचे थांबले, लोक ऐकत असावेत. आणि हा शहाणा मधे मधे उत्तरं देत होता! "पेपरात चार दिलतं," म्हणे. अरे बाबा, मार खाताना बोलायचं नसतं. दोन वर्षं माझ्या मागे उभा राहून एवढंही शिकला नाहीस? मला मागून त्याचा शर्ट ओढावासा वाटत होता. पण तो हलला नाही. कान लाल झाले, डोळे भरले, आणि तिथेच उभा राहिला.

मी "आई, मी…" म्हणून दोनदा सुरुवात केली. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही.

मग ती दमली. तेव्हा आमच्या लक्षात आलं की भावजयीकडे कुणीच बघितलेलं नाही. ती मागापाशी जाऊन उभी होती. रोज ठेवायची तसा तिनं तळहात ठेवला, आणि बोटं त्या तुटलेल्या धाग्यांत गेली. मला वाटलं आता ही पुन्हा मुकी होते. त्या क्षणाला मला मागाच्या खाली जाऊन बसावंसं वाटलं.

"हे बांधता येत न्हाय काय?" तिनं विचारलं.

"येतंय," आई म्हणाली. "पर खोट ऱ्हाती गं पोरी. ओटीला चालत न्हाय."

"ऱ्हाऊ दे. दुसरी नको मला. हीच बांधा." आणि पिशवी खाली ठेवून ती खाली बसायला लागली. तिला सातव्या महिन्याचं पोट घेऊन मागाशी वाकता येईना, तर आईनं तिला स्टूल दिलं.

तुटलेला ताणा बांधणं म्हणजे एकेक धागा शोधायचा, त्याला नवा तुकडा जोडायचा, गाठ मारायची, फणीच्या दातांतून पुन्हा ओवायचा. एक इकडचा तिकडे गेला की सगळं उसवायचं. आम्ही चौघं बसलो. भाऊ दहा वर्षांत मागाला शिवला नव्हता, त्याच्या बोटांतून धागा निसटायचा आणि मी त्याच्या हातावर चापट मारायची. भावजयीनं आईकडून गाठ शिकून घेतली. शेताच्या पोरीची गाठ ती, दाव्याला मारावी तशी दणकट. आईनं एकदा ती सोडायला हात नेला आणि मग काय वाटलं कोण जाणे, तशीच राहू दिली. सोप्यात माझा फोन वाजत राहिला. कडोलीकराचा अभिनंदनाचा लांबलचक मेसेज असणार.

मधे भाऊ आणि भावजय जेवायला उठली तेव्हा आई धाग्यावरची नजर न काढता म्हणाली, "मागावर हुता त्यानं बटण बंद करायचं असतंय, हे मला ठावं न्हाय व्हय?"

माझे हात थांबले.

"मग त्याला कशाला बोललीस एवढं?"

"हुबा ऱ्हायला की पुढं. जल्मात पयल्यांदा." तिनं गाठीचा धागा दातानं तोडला. "म्हटलं, खाऊ दे जरा."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. आईनं कोपरानं ढकललं, धाग्यावर पाणी पाडू नको म्हणाली.

साडी गुरुवारी दुपारी उतरली. लांबून काही कळत नव्हतं. पण विणकराच्या डोळ्याला बांधलेली जागा चुकत नाही, उजेडात धरलं की बारीक बारीक गाठींचा एक वीतभर पट्टा दिसायचा. आणि नशीब असं की पदरापासून दोन हातांवर म्हणजे नेसल्यावर ती जागा बरोबर पोटावर येते. आईनं वर शाल पांघरायचं सुचवलं. मी निऱ्या जास्त घेऊन ती जागा आत ढकलायची युक्ती सांगितली. भावजयीनं दोघींचं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

शुक्रवारी सोपा बायकांनी भरला होता. सगळ्या शहापूर-वडगावच्या, सगळ्या मागावरच्या, म्हणजे सगळ्यांचे डोळे साडीवर. भावजय आतून आली. शाल नव्हती, काही नव्हतं. गाठींची जागा तिनं पोटाच्या बरोबर मधोमध आणून, नीट ताणून नेसली होती. पाटावर बसली तेव्हा दारातून ऊन आलं आणि ती जागा उजळली.

बायकांच्या नजरा तिथेच गेल्या. मग पलीकडच्या गल्लीतली मावशी, जिची जीभ म्हणजे कात्री, पुढे वाकून म्हणाली, "अगं बाई, ही तर बांधलेली हाय! असली घालतात व्हय ओटीला?"

मी उठलेच. हा घाव माझाच होता, मीच दिलेला, आता तरी तो माझ्यावर घ्यायचा म्हणून मी पाटाच्या पुढे होणार एवढ्यात भावजय बोलली. दीड-दोन वर्षांनी मी तिचा आधीचा आवाज ऐकला, खणखणीत.

"व्हय मावशी. तुटलं हुतं. घरच्या सगळ्यांनी बसून गाठी मारल्यात. माझीबी हाय त्यात एक." तिनं पोटावर हात ठेवला. "आता हे सुटत न्हाय बघा."

आईनं ओटी भरायला घेतली. तिच्या ओंजळीतून तांदूळ सांडले. मावशीनं ते वेचून पुन्हा पदरात घातले.

मी पाटाच्या बाजूला तशीच उभी राहिले होते. खायला मार उरलाच नव्हता, आणि काय करावं ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, गल्लीतले माग एकेक करून नव्हे, एकदम थांबले, सगळं वडगाव गप झालं. त्या दिवशी घरात कार्य म्हणून आमचे माग सकाळपासून सुरूच केले नव्हते. तरी माझा पाय आतल्या खोलीकडे वळला, आणि बघते तर दारात उभा असलेला भाऊही तिकडेच निघालेला.

"तू बस आक्का," तो म्हणाला. "मी बघतो."

मी बसले. भावजयीनं तिच्या शेजारी जागा केली. तो आत जाऊन आला आणि लांबूनच हातानं खूण केली, बंद आहे म्हणून.

दोन मिनिटांनी मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले आणि जाऊन बघून आलेच. बंद होतं.